सोमा : ओसाड प्रयोगशाळेत चालूच राहिलेला प्रयोग

बंद पडलेल्या संशोधन प्रयोगशाळेत घडणारी भयकथा लिहायची म्हटली, की गंजलेली दारे, लुकलुकणारे दिवे, अर्धवट राहिलेल्या नोंदवह्या आणि कोंडलेल्या जागेतून सुटलेला एखादा प्राणी, एवढे सामान बहुतेक लेखक आधीच गोळा करून ठेवतात. स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्स या कंपनीच्या, सप्टेंबर २०१५ मध्ये आलेल्या ‘सोमा’ या गेममध्येही हे सगळे आहे. तरीही या प्रकारातील इतर गेमपेक्षा मी त्याला बराच वरचा क्रम देतो, कारण त्यातील भीती या सामानावर उभी नाही. येथे माणसे संपली आहेत, पण त्यांनी सुरू केलेले काम थांबलेले नाही.

कथानायक सायमन जॅरेट हा टोरांटोत राहणारा तरुण आहे. अपघातात मेंदूला इजा झाल्यामुळे तो २०१५ मध्ये एका प्रायोगिक उपचारासाठी मेंदूचे स्कॅनिंग करून घेतो आणि डोळे उघडतो ते थेट २१०४ साली, अटलांटिक महासागराच्या तळाशी असलेल्या ‘पॅथॉस-२’ या संशोधन केंद्रात. धूमकेतूच्या धडकेने पृथ्वीचा पृष्ठभाग आदल्याच वर्षी उद्ध्वस्त झालेला असतो. केंद्राची देखभाल ‘वाऊ’ नावाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडे असून माणसांना जिवंत ठेवणे हे तिचे काम आहे. मात्र ‘माणूस’ कशाला म्हणायचे आणि ‘जिवंत’ कोणाला, हे तिला कोणी नीट सांगितलेले नाही. त्यामुळे ज्याला शांतपणे मरू द्यायला हवे होते अशा देहात ती श्वास चालू ठेवते, आणि स्कॅन करून ठेवलेली मने यंत्रमानवांत घालून त्यांना जागे करते. सुरुवातीच्याच भागात असा एक यंत्रमानव भेटतो. आपण हाडामांसाचे माणूस असून जखमी झालो आहोत, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. पुढे जाण्यासाठी वीज हवी असते आणि ती मिळवण्याचे जे मार्ग समोर असतात, त्यांतला एकही त्याच्या भल्याचा नाही.

भयकथा लिहिणाऱ्यांनी या वाऊचा अभ्यास करावा असे मला मनापासून वाटते. तिच्यात दुष्टावा नाही, सूडबुद्धी नाही. दिलेली आज्ञा ती अखंड पाळत राहते, एवढेच. वेड्या शास्त्रज्ञापेक्षा अशी आज्ञाधारक यंत्रणा मला कितीतरी अधिक भयंकर वाटते, कारण शास्त्रज्ञाला कधीतरी पश्चात्ताप होऊ शकतो.

गेममधील सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या प्रसंगात एकही राक्षस नाही. एका मृत कर्मचाऱ्याकडून सांकेतिक शब्द काढून घ्यायचा असतो, म्हणून त्याच्या मनाची साठवलेली प्रत आभासी खोलीत चालू केली जाते. काहीतरी चुकते आहे हे ओळखून तो घाबरतो. मग ती प्रत बंद करायची, खोलीचा देखावा बदलायचा, त्याच्याशी बोलणारी व्यक्ती बदलायची आणि त्याला पुन्हा जागे करायचे. त्याच्यासाठी प्रत्येक वेळ ही पहिलीच वेळ असते. हे सगळे आपल्याच हातून घडते, आणि तोवर ज्या संशोधकांच्या निष्ठुरतेबद्दल आपल्याला राग येत होता, त्यांच्याच खुर्चीत आपण बसलेलो आहोत हे ध्यानात येते. प्रेक्षक म्हणून पाहताना जे केवळ वाईट वाटले असते, ते स्वतः कळ दाबताना असह्य होते. गेम या माध्यमाचा इतका विचारपूर्वक केलेला उपयोग मी क्वचितच पाहिला आहे.

ध्वनियोजनाही तितकीच जाणीवपूर्वक केलेली आहे. पाण्याच्या दाबाने कुरकुरणारे पत्रे, भिंतीपलीकडून येणारा जड पावलांचा आवाज, आणि मृतांच्या शरीरातील नोंदयंत्रांतून ऐकू येणारे त्यांचे अखेरचे क्षण यांमुळे हे केंद्र एकेकाळी खरोखर नांदते होते असे वाटते. हेडफोनशिवाय हा गेम खेळू नये.

खटकतात ते पाठलाग करणारे प्राणी. सायमनकडे शस्त्र नसल्यामुळे लपणे आणि पळणे एवढेच हाती उरते, आणि प्राणी जवळ आला की पडद्यावरील चित्र विस्कटते. पहिल्या एकदोन वेळा त्याने धडकी भरते. नंतर मात्र तेच ते बोळ पुन्हा पुन्हा तुडवताना कथेचा धागा सुटतो. कंपनीलाही हे जाणवले असावे, कारण २०१७ च्या डिसेंबरात गेम एक्सबॉक्स वन या गेम खेळण्याच्या यंत्रावर आला, तेव्हा ‘सेफ मोड’ हा पर्याय त्यात दिला गेला आणि तो संगणकावरही उपलब्ध झाला. त्यात हे प्राणी दिसतात, पण जीव घेत नाहीत. पहिल्यांदा खेळणाऱ्यांनीही निःसंकोचपणे हाच पर्याय निवडावा. त्याने भीती थोडी ओसरते खरी, पण संशोधकांचे निरोप आणि नोंदी सावकाश वाचता येतात, आणि कथेचा गाभा तेथेच आहे.

गेम संगणकावर, प्लेस्टेशन ४ वर आणि एक्सबॉक्स वनवर खेळता येतो. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात तो अनेकदा सवलतीत मिळतो. संभाषणे आणि नोंदी भरपूर असल्यामुळे इंग्रजी सहज समजणे आवश्यक आहे. लहान मुलांना तो देऊ नये. ज्यांच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे किंवा कोणी दीर्घकाळ कृत्रिम श्वासावर आहे, त्यांनीही सध्या तो बाजूला ठेवावा, कारण त्यातील काही निर्णय थेट त्याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवतात.