इंग्रजीची प्राध्यापकी : सीएचबी, कलिन्यातली पीएचडी की नवी मुंबईतलं खासगी विद्यापीठ?

गेल्या पंधरवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती. राहायला कळव्याला, वय सव्वीस, इंग्रजीत एमए आणि नेट (प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) जेआरएफसकट, म्हणजे पीएचडीसाठीच्या सरकारी फेलोशिपसकट, पास. तिच्यापुढे तीन वाटा होत्या. ठाण्यातल्या एका अनुदानित कॉलेजात सीएचबीचे, म्हणजे तासाप्रमाणे मानधनाचे, तास, नवी मुंबईतल्या एका खासगी विद्यापीठात नोकरी, नाहीतर मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात पूर्णवेळ पीएचडी. आईचं म्हणणं चौथंच : बीएड कर आणि ज्युनिअर कॉलेजला लाग. "मॅडम, तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं?" तिने विचारलं. आम्ही दोन तास बोललो. तेच इथे सविस्तर लिहिते, कारण दर वर्षी जून आला की कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं.

तुलना करण्याआधी पदोन्नतीचा जिना बघून घ्या. कुठल्या वाटेने गेलात तरी चढायचं आहे ते याच जिन्यावर. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीप्रमाणे सहाय्यक प्राध्यापक लेव्हल १० वर रुजू होतो, मूळ वेतन ५७,७०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे. रुजू होताना पीएचडी असेल तर ४ वर्षांनी लेव्हल ११. नसेल तर ६ वर्षांनी. पुढे ५ वर्षांनी लेव्हल १२. तिथून ३ वर्षांनी १३ए, म्हणजे सहयोगी प्राध्यापक, मूळ वेतन १,३१,४०० पासून. आणखी ३ वर्षांनी लेव्हल १४, म्हणजे प्राध्यापक, १,४४,२०० पासून. ही झाली किमान वर्षं. रिफ्रेशर, ओरिएंटेशनचे कोर्स, शोधनिबंध या अटी वेगळ्या. मुद्द्याची गोष्ट अशी की १३ए ला पीएचडी लागतेच. ती नसेल तर माणूस लेव्हल १२ वर थांबतो, मग वर्गात तो कितीही चांगला शिकवत असो. आता वयाचा हिशेब. तिसाव्या वर्षी पीएचडीसह कायम झालात तर पंचेचाळिशीत प्राध्यापक होता येतं. महाराष्ट्रात कॉलेज शिक्षकाची निवृत्ती साठाव्या वर्षी. चाळिशीत कायम झालात तर हाच जिना पंचावन्नला संपतो.

१ जुलै २०२३ पासून नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) ही सहाय्यक प्राध्यापकाची किमान अट आहे आणि पीएचडी ऐच्छिक. ही बातमी वाचून बऱ्याच जणांनी पीएचडी लांबणीवर टाकली. मला ते चुकीचं वाटतं. ऐच्छिक आहे ती फक्त दारातून आत येण्यापुरती.

सीएचबी

क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासिका तत्त्व. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझी स्वतःची पाच वर्षं त्यात गेली.

२००१ साली मी वाशीतल्या एका कॉलेजात सकाळचे तास घेत होते आणि ठाण्यातल्या दुसऱ्या कॉलेजात दुपारचे. तेव्हा ट्रान्स-हार्बर लाईन नव्हती. ठाण्याहून कुर्ला, कुर्ल्याहून वाशी, आणि उलटं येताना ऐरोलीमार्गे बस. आज ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून गाडीत बसलं की अर्ध्या तासात वाशी. प्रवास सुधारला, सीएचबीचं गणित मात्र तेच राहिलं. तास झाला तर पैसे. दिवाळीची सुट्टी, परीक्षेचे दिवस, एप्रिल-मे या काळात तास नाहीत, म्हणून मानधनही नाही. झालेल्या तासांचं बिल हातात पडायला कधी कधी सेमिस्टर उलटून जायचं. दर जूनमध्ये नवी ऑर्डर, आणि ती येईपर्यंत आपण त्या कॉलेजचे आहोत की नाही हे आपल्यालाच माहीत नसायचं.

मला कायम नेमणूक मिळाली जून २००६ मध्ये. जुनी पेन्शन योजना १ नोव्हेंबर २००५ पासून बंद झाली. सात महिन्यांनी हुकली. आधीची पाच वर्षं सेवेत धरली असती तर चित्र वेगळं असतं, पण ती धरली जात नाहीत. पदोन्नतीचंही तसंच आहे. २०१८ च्या नियमावलीत तात्पुरत्या सेवेला मोजायची सोय आहे, पण त्यातली एक अट अशी की त्या काळातलं एकूण मासिक वेतन कायम शिक्षकाच्या वेतनापेक्षा कमी नसावं. सीएचबीवरच्या कुणालाही ती अट पूर्ण करता येत नाही. म्हणजे शिकवलेले तास अनुभवाच्या दाखल्यावर येतात, पण जिन्यावरच्या पायऱ्या कमी होत नाहीत.

त्याच नियमावलीत कॉलेजातल्या निवडीसाठी उमेदवारांची छाननी करायचा तक्ता आहे. त्यात पीएचडीला २५ गुण, जेआरएफला १०, नुसत्या नेटला ८, सेटला ५. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २, जास्तीत जास्त १०. पाच वर्षं लोकलमध्ये घासून जे १० गुण मिळतात, त्यांच्या अडीचपट एका प्रबंधाला मिळतात. मला हे २००१ मध्ये कुणी कागदावर मांडून दाखवलं असतं तर मी दोन वर्षांनी तास सोडून पीएचडीला नाव नोंदवलं असतं.

तरीही सीएचबी वाईटच असं मी म्हणणार नाही. शिकवायला मी त्याच वर्षांत शिकले. दिव्याहून, कळव्याहून, दिघ्याहून येणारी मराठी माध्यमाची मुलं पहिल्या वर्षाला समोर बसतात. कविता त्यांना समजते, पण उत्तर इंग्रजीत लिहायला पेन उचलत नाही. त्यांना आधी मराठीत बोलतं करायचं आणि मग वाक्य वाक्य इंग्रजीत आणायचं, हे कुठल्याही एमएच्या वर्गात शिकवत नाहीत. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि अॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र त्यांनी मराठीत आणलं. दोन भाषांमध्ये उभं राहून शिकवण्याची ती परंपरा आपली आहे, आणि ती हाताला लागते वर्गातच.

म्हणून माझं मत : सीएचबी करा, पण दोन वर्षं, त्यापुढे नाही. आणि होकार देण्याआधी विभागप्रमुखांना तीन गोष्टी सरळ विचारा. विभागात मंजूर पदं किती आणि भरलेली किती? पुढच्या पाच वर्षांत कोण निवृत्त होतंय? रिकामी जागा रोस्टरप्रमाणे, म्हणजे आरक्षणाच्या क्रमाप्रमाणे, कुठल्या प्रवर्गाची आहे? जागा तुमच्या प्रवर्गाची नसेल तर तिथे थांबून ती तुम्हाला मिळणार नाही, प्राचार्य कितीही प्रेमाने बोलोत. जागा तुमची असली तरी शासनाची भरतीची परवानगी, एनओसी, जाहिरात, मुलाखत, विद्यापीठाचं अॅप्रूव्हल या सगळ्याला वर्षं जातात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर वर्कलोडचाही, म्हणजे विभागाकडे शिकवायला असलेल्या एकूण तासांचाही, प्रश्न आहे. एफवायच्या सक्तीच्या इंग्रजीवर आमच्या विभागांचं बरंचसं वर्कलोड उभं होतं. आता भाषेचे पेपर दोन-दोन क्रेडिटचे झालेत. वर्कलोड कमी तर मंजूर पद धोक्यात. त्यामुळे चालू वर्षाचं वर्कलोड स्टेटमेंट बघायला मागायला संकोचू नका.

पूर्णवेळ पीएचडी, जेआरएफवर

जेआरएफ मिळालेली असेल तर मला दुसरा पर्याय दिसत नाही. १ जानेवारी २०२३ पासून फेलोशिप महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं आणि पुस्तकं-प्रवासासाठी वार्षिक आकस्मिक निधी. मिळून पाच वर्षं. सीएचबीवरच्या माणसाला मे महिन्यात जे मिळत नाही ते इथे मेमध्येही मिळतं. जेआरएफला वयाची मर्यादा ३०. स्त्रिया आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. सहाय्यक प्राध्यापकपदाच्या नेटला वयाची अटच नाही. म्हणून थांबू शकते ती नोकरी, जेआरएफ थांबत नाही.

या वाटेवरची खरी अडचण गाईडची. २०२२ च्या पीएचडी नियमावलीप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी ८ विद्यार्थी, सहयोगीला ६, सहाय्यकाला ४. जागा रिकामी झाल्याशिवाय नवा विद्यार्थी घेता येत नाही. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्या गाईडलाही नवीन विद्यार्थी घेता येत नाहीत. तेव्हा गाईडकडे जाताना विषयाइतकंच हेही विचारा : जागा आहे का, आणि सर किंवा मॅडम कधी निवृत्त होतायत? किमान मुदत ३ वर्षं, कमाल ६. इंग्रजीतले प्रबंध तीन वर्षांत क्वचित होतात. पाच धरून चाला.

माझी पीएचडी नोकरी सांभाळून झाली. सात वर्षं लागली. पेपर तपासणी, नॅकच्या फायली, अॅडमिशनच्या रांगा, घरी लहान मूल, आणि रात्री साडेदहानंतर वाचन. त्या प्रबंधातली दोन प्रकरणं मी आज वाचते तेव्हा मला कळतं की ती थकलेल्या माणसाने लिहिली आहेत. पूर्णवेळ संशोधकाला मिळतो तो वेळ मला पुढे कधीच मिळाला नाही. सहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. बाकीची कामं त्या सोळात धरलेली नाहीत.

विषयाबद्दल थोडं बोलायलाच हवं. त्याच चार अमेरिकी आणि ब्रिटिश कादंबरीकारांवर आणखी एक प्रबंध लिहायची गरज नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभं आहे. फोर्टात टाउन हॉलमध्ये एशियाटिकचं ग्रंथालय आहे. एकोणिसाव्या शतकात मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत काय काय गेलं, आपल्या मुलांनी इंग्रजी कुठल्या पुस्तकांतून शिकली, आगरी-कोळी गाण्यांचा अनुवाद करताना काय हाती लागतं आणि काय निसटतं, असले विषय ठाण्यात-नवी मुंबईत राहणाऱ्या, दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाने घ्यायचे नाहीत तर कुणी घ्यायचे? माझी ही तळमळ आहे आणि ती मी लपवत नाही. मुलाखतीतही अशा विषयावर उमेदवार मोकळेपणाने बोलतो, कारण ते त्याने स्वतः शोधलेलं असतं.

खासगी विद्यापीठ

नेरूळ, खारघर, पनवेल या पट्ट्यात खासगी विद्यापीठं आणि विनाअनुदानित कॉलेजं झाली आहेत. इथली जमेची बाजू खरी आहे. नेमणूक लवकर होते, पगार महिन्याच्या महिन्याला येतो, वर्ग लहान असतात, नवा पेपर सुचवला तर पुढच्या सेमिस्टरला तो शिकवताही येतो. काही ठिकाणी पीएचडीची फी संस्था सोसते.

दुसरी बाजू अशी की इंग्रजीचा शिक्षक इथे बहुतेक वेळा साहित्य शिकवत नाही. इंजिनिअरिंगला प्रोफेशनल कम्युनिकेशन, मॅनेजमेंटला बिझनेस कम्युनिकेशन, मीडियाला लेखनकौशल्य. ज्याला ते आवडतं त्याने आनंदाने जावं. भाषेचं अध्यापन हे स्वतंत्र आणि प्रतिष्ठेचं शास्त्र आहे, आणि नेटच्या अभ्यासक्रमातल्या भाषेच्या युनिटमध्येही ते आहे. पण नाटक-कविता शिकवायच्या ओढीने एमए केलेला माणूस तीन वर्षांत आतून कोरडा पडलेला मी पाहिला आहे. शिवाय करार बहुधा वर्षाचा, आणि अॅडमिशनच्या दिवसांत पालकांना फोन करायचं कामही वाट्याला येतं.

नेमणूकपत्रात एक ओळ नक्की बघा : वेतन यूजीसीच्या वेतनश्रेणीत आहे की एकरकमी? श्रेणीत असेल तर हा अनुभव पुढे मोजला जायची शक्यता राहते. एकरकमी आणि कमी असेल तर पदोन्नतीच्या दृष्टीने सीएचबीत आणि यात फरक नाही, फक्त मे महिना बरा जातो.

आईच्या सल्ल्याबद्दल थोडक्यात. अकरावी-बारावीला इंग्रजी सक्तीची, त्यामुळे शिक्षक लागतातच, आणि बीएड केलेल्याला ती वाट खुली राहते. घर चालवायची जबाबदारी तातडीची असेल तर हा सन्मानाचा मार्ग आहे. ज्याला संशोधन करायचंच नाही त्याने तर हाच धरावा. पण जेआरएफ हातात असताना दोन वर्षं बीएडला देणं मला पटत नाही.

तर मी तिला सांगितलं ते असं. जेआरएफ आहे, म्हणून कलिना. जेआरएफ नसती आणि नुसती नेट असती, तर मी खासगी विद्यापीठ सांगितलं असतं, वेतनश्रेणी आणि पीएचडीची लेखी परवानगी दोन्ही मिळत असतील तरच. घरापासून दहा मिनिटांवर, आपल्या प्रवर्गाची जागा दोन वर्षांत रिकामी होणार असलेल्या कॉलेजात सीएचबी मिळत असती, तर तीही. फेलोशिप घेताना दुसरीकडे पगारी तास घेता येत नाहीत, त्यामुळे शिकवण्याचा हात सुटेल अशी तिला भीती होती. पण विभागातच आठवड्याला चार ते सहा तास ट्युटोरियल मिळण्याची सोय २०२२ च्या नियमांत आहे. ते तिने पहिल्या भेटीतच मागून घ्यावं.

तिने वहीत गाईडला विचारायचे प्रश्न उतरवून घेतले. उठताना म्हणाली, "आईला तुम्हीच सांगा ना मॅडम, माझं ऐकत नाही." रविवारी कळव्याला जाणार आहे. तिला सांगितलंय, जेआरएफचं पत्र आणि पाच वर्षांचा फेलोशिपचा हिशेब एका कागदावर मांडून ठेव, आईपुढे तोच ठेवू.