वाढीव वॉरंटी: सोलापूरच्या उन्हात किती कामाची?

गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, एसी कॉम्प्रेसर यांच्यासाठी वाढीव वॉरंटी, म्हणजे मूळ वॉरंटी संपल्यावरचं जादा संरक्षण, जरूर घ्यावी. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर बहुतेक योजनांत नसतातच, त्यांची आशा धरू नका.

खरी वादावादी होते ती गाडी तापण्यावरून. उन्हाळ्यात सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. वॉटर पंपाचं सील गळतं, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) उतरतं, हेड (इंजिनाचा वरचा भाग) तापून वाकतं आणि त्याखालचं गॅस्केट (सील) जातं. पंप वॉरंटीत बसतो. हेडचं मोठं बिल मात्र वॉरंटी देणारे 'तापमानाचा दिवा लागूनही गाडी चालवली' म्हणत ग्राहकाच्या माथी मारतात. मूळ दोष पंपाचा असताना हा सरळ अन्याय आहे. म्हणून दिवा लागताच गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, टो करूनच वर्कशॉपला न्या. टोची पावती जपा, तोच पुरावा.

इंजिन खोलण्याआधी कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणं) समोर करून घ्या. पंपाच्या बारीक भोकाखाली कूलंटचे वाळलेले ओघळ दिसतात, त्यांचा फोटो काढा. वर्कशॉपच्या स्कॅनरमधले बिघाडाचे कोड आणि बिघाड नोंदला त्या क्षणाचं तापमान प्रिंट करून मागा. जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर) नुसतं 'गाडी तापते' लिहू देऊ नका. 'पंपातून गळती' असं स्पष्ट लिहून घ्या. जुने पार्ट ताब्यात ठेवा.

नकार आला तर वॉरंटीच्या कलम क्रमांकासह लेखी मागा, तोंडी नकार पुढे टिकत नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार, तरीही दाद नाही तर 2 वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोग. वकील सक्तीचा नाही.