सहा तासांचं लग्न, एकच डिस्क

आमचं लग्न १९९४ चं. त्याच्या व्हीएचएस कॅसेट हिने जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून ठेवल्या होत्या. घरचा व्हीसीआर कधीच भंगारात गेला, म्हणून ते गाठोडं तसंच उचललं आणि डीव्हीडी करायला पुण्यातल्या एका दुकानात दिलं.

पोराने गाठोडं वरूनच चाचपलं. "तीन आहेत काका. बुरशी असणार, सफाईचे प्रत्येकी ३००. ट्रान्सफर बेस्ट क्वालिटीत, प्रत्येकी ८००." ३३०० रुपये आगाऊ मोजले. बुरशी म्हटलं की माणूस घाबरतोच. खरी बुरशी टेपच्या कडेला पांढरी धरते, कॅसेटच्या खिडकीतून दिसते. मी बघितलंच नाही.

आठवड्याने एक डिस्क हातात. "सगळं एकातच बसवलं. कॅसेट टाकून देऊ का?" नको म्हणालो, तेवढी एक अक्कल शाबूत होती.

घरी लावली. मंगलाष्टकांपर्यंत नुसतं धुरकट. 'सावधान' झालं, अक्षता उडाल्या आणि पडदाभर चौकोनच चौकोन! हिचा चेहरा म्हणजे क्रॉसस्टिचचा नमुना. मागे सासूबाई उभ्या होत्या, त्या तर ओळखूच येईनात. दुकानात फोन केला तर म्हणे, जुनी टेप आहे, जे होतं तेच आलं.

मेव्हण्याकडे चालू व्हीसीआर निघाला. त्यावर त्याच कॅसेटमध्ये अक्षता स्वच्छ दिसत होत्या, सासूबाई डोळे पुसतानासुद्धा. भाच्याने डिस्क तपासली. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं (पिक्सेल). आपल्याकडच्या डीव्हीडीला ७२० बाय ५७६ हवं, म्हणजे हा चौथा हिस्सा. ४.७ जीबीच्या डिस्कवर चांगल्या प्रतीचा एक तास मावतो, फार तर दोन. दुकानवाल्याने सहा तास कोंबलेले. एवढं दाबलं की सगळ्यात आधी हलणारं चित्र फुटतं.

तेव्हा एका डिस्कवर किती तास घालणार, ते आधी विचारा. सुरुवातीला एकच कॅसेट द्या, आणि नमुना बघायचा तर वरातीतल्या नाचाचा बघा, भटजी बसलेत तो नको. 'एचडी करून देतो' म्हणणाऱ्याला तर नमस्कार करा; व्हीएचएसमध्ये एचडी मुळात नसतंच, चित्र नुसतं ताणतात.

गाठोडं सोडल्यावर कळलं, तिसरी कॅसेट कोरी होती, प्लास्टिकचं वेष्टनही न फोडलेली. ती काउंटरवर ठेवून विचारलं, हिची बुरशी कशी काढलीत? मालकाने न बोलता ११०० रुपये काढून दिले. बाकीचे २२०० अजून यायचेत.