लाचेची मागणी आली: स्वतःचं रेकॉर्डिंग, विभागाचा सापळा की फोन टॅपिंग?

समजा, नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसनोंद लावायची आहे आणि ‘साहेबांचं काय ते बघा’ असा फोन आलाय. एक म्हणतो, बोलणं रेकॉर्ड कर. दुसरा म्हणतो, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळव. तिसरा म्हणतो, सरकारने त्याचा फोन टॅप केला की आपोआप सगळं बाहेर येईल. या तिसऱ्यावर विसंबू नका. का, ते सांगतो.

आधी स्वतःचं रेकॉर्डिंग. ज्या संभाषणात तुम्ही स्वतः आहात, ते नोंदवणं म्हणजे टॅपिंग नव्हे. याचा पाया आपल्याच राज्यातल्या खटल्याने घातला. मुंबईच्या कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, एका डॉक्टरकडे पैसे मागितले, तेव्हा पोलिसांनी मध्यस्थीत असलेल्या दुसऱ्या डॉक्टरच्या संमतीने त्याच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ती टेप ग्राह्य धरली. मात्र दुसऱ्या दोघांचं बोलणं चोरून ऐकलंत, तर दूरसंचार कायदा, २०२३ नुसार गुन्हेगार तुम्हीच, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

रेकॉर्डिंगची खरी परीक्षा कोर्टात असते. आवाज त्याचाच कशावरून, मधला भाग कापला नाही कशावरून? प्रत दाखल करायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राचा आग्रह जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या खोतकर-गोरंट्याल निकालाने २०२० मध्येच पक्का केला होता. म्हणून मूळ फोन विकू नका, फाइल कापू नका आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीला पुरावा समजू नका.

आता सापळा. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या नाशिक परिक्षेत्रात नाशिकसह अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार येतात. तक्रार दिली की लगेच नोटा हातात देत नाहीत, आधी पडताळणी होते. विभागाचा व्हॉइस रेकॉर्डर तुमच्याजवळ देऊन, पंचाला, म्हणजे त्रयस्थ साक्षीदाराला, सोबत पाठवून मागणी खरंच होते का ते तपासतात. मग नोटांना ॲन्थ्रासीन किंवा फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावतात. पहिली अतिनील प्रकाशात चमकते, दुसरी सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात गुलाबी होते.

लोकांना हा रंगच लक्षात राहतो, पण खटला उभा राहतो पडताळणीवर. लाच मागितली आणि घेतली, या दोन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता खटल्यात हेच सांगितलं. तक्रारदार फितूर झाला, तरी इतर पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, असंही त्या निकालात आहे. पंच आणि रेकॉर्डर तिथेच उपयोगी पडतात. शिवाय अधिकाऱ्याच्या निर्णयाची चौकशी करायला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७अ नुसार पूर्वपरवानगीचा अडसर असतो. लाच घेताना जागेवर अटक करायला तो नसतो.

यात वेळ जातो, पुढे कोर्टात साक्षीला उभं राहावं लागतं आणि गावात चर्चा होते. हे ओझं खरं आहे, ते लपवून मी कुणाला तक्रारीला पाठवणार नाही.

आणि टॅपिंग? ते तुमच्या हातात नाहीच. आदेश गृह सचिव पातळीवर निघतो, ६० दिवसांसाठी, वाढवून जास्तीत जास्त १८० दिवस. अट अशी की सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न हवा. लाच त्यात बसते का, यावर उच्च न्यायालयांचं एकमत नाही. १० लाखांच्या लाचेच्या आरोपात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टॅपिंगचे आदेश रद्द केले. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही ५० लाखांच्या प्रकरणात तेच केलं. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र दोन हजार कोटींहून मोठ्या प्रकल्पाशी जोडलेल्या प्रकरणात आर्थिक व्याप्ती पाहून टॅपिंग वैध ठरवलं.

ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी आयोग जुलै २०२३ पासून काम करतो. त्याला तिथल्या १९७९ च्या कायद्याखाली स्वतः फोन ऐकण्याचं वॉरंट मागता येतं, पण ते द्यायचं की नाही हे न्यायाधीश किंवा न्यायाधिकरणाचे नेमलेले सदस्य ठरवतात. हाँगकाँगमध्येही परवानगी न्यायाधीशच देतात, पण ऐकलेलं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. आपल्याकडे परवानगी प्रशासनच देतं आणि नंतर मुख्य सचिवांची समिती आढावा घेते. मला यात ऑस्ट्रेलियाची रीत बरी वाटते. अधिकार मिळावा, पण कुलपाची किल्ली न्यायाधीशाकडे असावी.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये मोठी कामं निघाली आहेत. अशा कंत्राटांत साटंलोटं असल्याचा संशय असेल, तर तक्रारदाराचा फोन पुरा पडत नाही. तिथे बँक खाती तपासावी लागतात आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम १८ पोलिसांना तो अधिकार देतं. अशा प्रकरणात तुमचं काम निविदा, बिलं, तारखा जमवून देण्याचं.

वारसनोंदीसारख्या कामात मात्र मी सापळाच निवडेन. सुरुवात तुमच्या रेकॉर्डिंगने झाली तरी हरकत नाही. आधी विभागाला कळवून पैसे दिलेत, तर तुमच्यावर गुन्हा होत नाही. दबावाखाली पैसे देऊन बसला असाल, तर याच कायद्याच्या कलम ८ नुसार सात दिवसांच्या आत कळवा. ते दिवस आजपासून नाही, पैसे दिल्यापासून मोजायचे.