डीडब्ल्यूडीएस : जर्मन शब्दांचे कूळ सांगणारा विनामूल्य कोश

बडोद्यात दांडिया बाजारात घरी जर्मनच्या शिकवण्या घेताना मी ज्या साधनावर सर्वाधिक विसंबते, ते म्हणजे बर्लिन-ब्रांडेनबुर्ग विज्ञान अकादमीचा डीडब्ल्यूडीएस हा ऑनलाइन शब्दकोश. तो विनामूल्य आहे. अर्थ, उच्चार आणि व्याकरण एवढ्यावर न थांबता तो बहुतेक महत्त्वाच्या शब्दांखाली व्होल्फगांग फायफर यांच्या, 1989 साली पूर्व बर्लिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या व्युत्पत्तिकोशातील नोंदही देतो. माझ्या मते या कोशाचे खरे मोल त्या नोंदींत आहे, म्हणून येथे त्यांच्याविषयीच लिहिते.

‘डिंग’ हा शब्द घ्या. पहिल्या काही धड्यांतच विद्यार्थी त्याचा ‘वस्तू’ हा अर्थ पाठ करतात. नोंद वाचल्यावर मात्र दिसते की प्राचीन उच्च जर्मनमध्ये हा शब्द लोकांच्या सभेसाठी, विशेषतः न्यायनिवाड्यासाठी भरणाऱ्या सभेसाठी वापरला जाई. पुढे त्या सभेपुढे आलेला तंटा, मग कोणतीही बाब, आणि शेवटी समोर ठेवलेली कोणतीही वस्तू असा त्याचा अर्थ पसरत गेला. गॉथिक या जर्मनच्या प्राचीन भगिनीभाषेत याच कुळातला एक शब्द ‘काळ’ या अर्थाने आढळतो, त्यामुळे मूळ कल्पना ‘ठरलेल्या वेळी भरणारी सभा’ अशी असावी, हे अनुमान मला पटते. इंग्रजीतला ‘थिंग’ही याच वाटेने वस्तूपर्यंत आला. उत्तरेकडील देशांनी मात्र सभेचा अर्थ जपला : 930 च्या सुमारास स्थापन झालेली आइसलंडची ‘आल्थिंगी’, नॉर्वेची ‘स्टोर्टिंग’ आणि डेन्मार्कची ‘फोल्केटिंग’ या आजच्या संसदांच्या नावांत तो आहे. डच न्यायालयांत तातडीच्या दाव्याला अजूनही ‘कोर्ट खेडिंग’ म्हणतात. त्यातला ‘कोर्ट’ म्हणजे छोटा आणि ‘खेडिंग’ म्हणजे खटला.

मराठी विद्यार्थ्याला हा प्रवास परका वाटत नाही, कारण आपली ‘गोष्ट’ याच मार्गाने आली आहे. संस्कृत ‘गोष्ठी’ म्हणजे सभा, जमलेल्या लोकांचे संभाषण. त्यातून मराठीत ती कथा झाली, बाब झाली, आणि ‘घरात चार गोष्टी लागतात’ असे म्हणताना चक्क वस्तू झाली. बडोद्यातल्या मुलांच्या कानावर गुजराती ‘गोठडी’ही असते, जिच्यात जिव्हाळ्याच्या संभाषणाचा अर्थ टिकून राहिला. एकाच भाषाकुळाच्या दोन शाखांनी परस्परांपासून दूर राहून सभेपासून वस्तूपर्यंतचे तेच अंतर तोडावे, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो, आणि वर्गात तो मी लपवत नाही.

कोश पूर्णपणे जर्मनमध्ये आहे आणि व्युत्पत्तीच्या नोंदी संक्षेपांनी भरलेल्या असतात, त्यामुळे बी1 या मध्यम पातळीच्या आतल्या विद्यार्थ्याने त्या शिक्षकासोबत वाचाव्यात. शब्दाचा वापर 1600 पासून कसा वाढला वा घटला हे दाखवणारा आलेख मात्र नवशिक्यालाही समजतो. ज्याला अधिक खोल जायचे असेल त्याच्यासाठी ग्रिम बंधूंनी आरंभलेला महाकोशही याच संकेतस्थळावर आहे. त्याचा पहिला खंड 1854 मध्ये निघाला आणि मूळ काम 1961 मध्ये पुरे झाले. परीक्षेपुरते जर्मन हवे असेल तर एवढ्याची गरज नाही. भाषेत रमायचे असेल तर आहे.

‘डिंग’नंतर ‘डीन्सटाग’ची, म्हणजे मंगळवारची, नोंद उघडावी. लॅटिनमध्येही हा दिवस मंगळाचाच, म्हणजे मार्स या रोमन युद्धदेवाचा. पण ब्रिटनमधील हेड्रियनच्या रोमनकालीन भिंतीजवळ, हाउसस्टेड्स येथे, जर्मॅनिक सैनिकांनी कोरवलेल्या लेखात मार्सला ‘थिंग्सुस’ हे विशेषण लावलेले सापडते, आणि सभेचा रक्षक असलेल्या त्या देवावरूनच जर्मन व डच मंगळवारला आपले नाव मिळाले असे मानले जाते.