पेणची माती की सावंतवाडीचं लाकूड?

बालगृहातून बाहेर पडलेला मुलगा, दहावी कशीबशी झालेली, आयटीआयचं नाव काढलं की खिडकीबाहेर बघणारा. बालगृहानंतर राहण्यासाठी असलेल्या अनुरक्षणगृहाचा आधार मिळाला तरी तो साधारण २१व्या वर्षापर्यंत. अशाला कुठल्या कामाला लावू, म्हणून मला अधूनमधून फोन येतात. मी स्वतः दोघांसाठी हा निर्णय घेतला. एकाला पेणजवळ गणपतीच्या कारखान्यात ठेवलं, दुसऱ्याला सावंतवाडीत लाकडी खेळण्यांच्या कामाला. दोनच मुलं, तेव्हा माझं म्हणणं तेवढ्याच मापानं घ्या.

पैशाच्या बाजूनं पेण सरस, त्यात वाद नको. पेण, हमरापूर, जोहे हा सगळा पट्टाच मूर्तींवर जगतो. एका ठिकाणी नाही पटलं तर शेजारी काम मिळतं, आणि मे उजाडला की मिळतील तेवढे हात कमीच. हजेरी पहिल्या दिवसापासून सुरू. शिकणं मात्र तुकड्यातुकड्यांनी. साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे घासायचे, पॉलिश पेपर मारायचा. आमच्या मुलानं दोन वर्षं एवढंच केलं. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर वेगळा, त्याचा रुबाबही वेगळा, आणि तो आपला ब्रश सहजासहजी कुणाला देत नाही. जमलं तर शाडूच्या कारखान्यात बघा. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविरुद्धच्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०च्या सूचनांपासून प्लास्टरवाल्यांचं वर्ष कोर्टाच्या तारखांवर डोळे लावून जातं.

सावंतवाडीत सगळं उलट. कारखाना म्हणजे घराचीच पडवी, एक लेथ, दोन-तीन माणसं. काम घरातल्या घरात चालत आलेलं, त्यामुळे परका मुलगा घ्या म्हणून मला चार खेपा घालाव्या लागल्या. सुरुवातीला हातात पडले ते खर्चापुरते. पावसात लाकूड दमट राहतं, रंग वाळत नाही, काम रेंगाळतं. पण दुसऱ्या आठवड्यात त्यानं लेथवर लाकडाचं एक लिंबू कातलं. जरा चपटं होतं, तरी कातण्यापासून रंगापर्यंत त्याचं एकट्याचं. पेणच्या मुलाला मी विचारलं होतं, यातला तुझा गणपती कुठला? तो हसला फक्त.

केंद्र सरकारच्या कारागिरांसाठीच्या विश्वकर्मा योजनेवर फार भिस्त ठेवू नका. मूर्तिकार आणि खेळणी करणारे, दोघंही तिच्या १८ व्यवसायांत आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणात रोजचे ५००. पण ती स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी आहे, आणि नोंदणीला रेशनकार्ड मागतात. नसेल तर कुटुंबातल्या सगळ्यांची आधार कार्डं. कुटुंबातल्या सगळ्यांची! अनाथ प्रमाणपत्राची फाइल तेवढी आधीच तयार ठेवा, बाकी नंतर बघू.

माझं मन फिरलं ते मात्र पगारामुळे नाही, शिकण्यामुळेही नाही. चतुर्थीमुळे. पेणचा मुलगा कारखान्याच्या पोटमाळ्यावरच झोपायचा. पहिल्या वर्षी शेवटची मूर्ती टेम्पोत चढली, कामगारांनी पिशव्या भरल्या, मालकानं कुलूप घातलं. हा एसटी स्टँडवरून फोन करतोय, "काका, आता कुठे जाऊ?" मालक वाईट नव्हता. हिशेब चुकता केला होता, वर पेढ्यांचा पुडाही दिला होता. चतुर्थीला गाव नसलेला माणूस कोकणात असू शकतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. चाकरमान्यांच्या गर्दीत उभ्यानं तो कुडाळला आमच्याकडे आला, आणि नवे साचे निघेपर्यंत आमच्या ओटीवर राहिला. दुसऱ्या वर्षी मी आधी बोलून ठेवलं. मालक म्हणाला, बघू. पुन्हा कुलूप, पुन्हा फोन.

सावंतवाडीत कुलपाचा प्रश्नच आला नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरातल्या काकींनी त्याला स्टुलावर चढवलं, माटवी म्हणजे गणपतीच्या वरची फळापानांची चौकट बांधायला. कवंडळं, सुपारीचे घोस, आंब्याच्या डहाळ्या, आणि मध्येच त्यानं आपलं चपटं लिंबू बांधलं. काकींनी बघितलं. काढायला सांगितलं नाही.

आता खरं तेही सांगतो. पेणचा मुलगा आज दोघा मित्रांबरोबर भाड्याच्या खोलीत राहतो, सावंतवाडीवाल्यापेक्षा जास्त कमावतो, आणि यंदा त्याच्या हातात सोवळ्याच्या काठाचा ब्रश आला आहे. तुमच्या मुलाला एखादी मावशी, लांबची का होईना, असेल तर पेणला पाठवायला माझी हरकत नाही. कुणीच नसेल तर मी आधी सावंतवाडीत, खेळण्यांच्या चितार आळीत विचारीन. जायचं तर पावसात जा. पर्यटक यायला लागले की तिथे बोलायला कुणाला सवड नसते. आणि चार खेपांची तयारी ठेवा.