मुंब्र्यातला १५ ओळींचा रंगीत कुरआन: पैसे देण्याआधी ही पानं उघडा

मुंब्रा स्टेशनबाहेर आणि कौशाकडे जाताना अत्तर, टोप्या, तसबीह विकणाऱ्या दुकानांत ही प्रत दर्शनी भागातच मांडलेली असते. १५ ओळींचा, तजवीदचे, म्हणजे शुद्ध उच्चाराच्या नियमांचे रंग दिलेला कुरआन शरीफ, वर चकचकीत जिल्द (बांधणी). हिफ्झला, म्हणजे कुरआन पाठ करायला बसणाऱ्या मुलासाठी हीच घ्या, असं सांगितलं जातं. सल्ला चुकीचा नाही. फक्त जिल्दीवर भुलू नका.

आत छापलेलं वाचन, म्हणजे पठणाची परंपरा, आहे इराकमधल्या कूफ्याचे इमाम आसिम यांचं. ते १२७ हिजरीच्या सुमारास, म्हणजे इ.स. ७४५च्या आसपास वारले. त्यांच्याकडून ते पुढे आलं दोघांमार्फत: सावत्र मुलगा हफ्स (मृत्यू १८० हिजरी) आणि शुअबा (मृत्यू १९३ हिजरी). उस्ताद एकच, तरी दोघांच्या पाठात फरक आहे. आसिम यांनी हफ्सना अबू अब्दुर्रहमान सुलमींकडून मिळालेला, हजरत अलींपर्यंत पोचणारा पाठ दिला. शुअबांना झिर्र इब्न हुबैश यांच्याकडचा, पैगंबरांचे सोबती इब्न मसऊद यांच्यापर्यंत जाणारा. गंमत म्हणजे हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या) जाणकारांनी हफ्सना कच्चं ठरवलं आणि किराअतीत, म्हणजे कुरआनच्या पठणात, त्यांचाच पाठ जगभर पसरला. आपली ही प्रत हफ्सच्या पाठाची, १९२४ची कैरोची छापील प्रतही हफ्सचीच. मोरोक्कोत मात्र वर्श या दुसऱ्या पाठकाचा पाठ चालतो, त्यामुळे तिकडून कुणी भेट आणलेली प्रत मुलाच्या हाती देऊ नका.

प्रत चांगली की वाईट, हे हफ्सच्या खास जागांवर कळतं. सूरह (अध्याय) हूदची ४१वी आयत (ओळ) काढा. ‘मजरेहा’ या शब्दात ‘रे’ अक्षराखाली आपल्याकडच्या लिपीत खडा जेर (खालची उभी रेघ) असतो, मदिना छपाईत चौकोनी ठिपका. साधा जेर (तिरकी रेघ) दिसला तर प्रत परत ठेवा, घेऊ नका. खडा जेर असला तरी मुलं हमखास ‘मजरीहा’ वाचतात, म्हणून इथे उस्तादांकडून ऐकूनच घ्यावं लागतं. मग सकत्याच्या चार जागा, म्हणजे श्वास न तोडता किंचित थांबायच्या: कहफच्या पहिल्या आयतीच्या शेवटी, यासीन ५२, कियामह २७, मुतफ्फिफीन १४. आपल्या लिपीत तिथे ‘सकता’ असं बारीक लिहिलेलं असतं. रंग भरताना हीच बारीक अक्षरं आधी पुसट होतात. सूरह रूमच्या ५४व्या आयतीत ‘ज़ाद’ अक्षरावर जबर (‘अ’ची खूण) आणि पेश (‘उ’ची खूण) दोन्ही चालतात, छापलेलं एक असतं, दुसरं समासात किंवा शेवटच्या टिपेत हवं. इथे पेश घेऊन हफ्स आपल्या उस्तादांपासून एकदाच वेगळे झाले, असं सांगितलं जातं.

आता रंग. सगळ्यात सोपी परीक्षा सूरह इख्लासची. चारही आयतींच्या शेवटी दाल (‘द’) आहे, शिवाय ‘यलिद’चा एक, असे पाच दाल. पाचांवर कलकल्याचा, म्हणजे अक्षर किंचित उसळवून म्हणण्याचा, रंग हवा. बऱ्याच प्रतींत फक्त ‘यलिद’ आणि ‘यूलद’चे रंगवतात, कारण बाकीच्या तीन दालांवर छापील हरकत (स्वराची खूण) असते आणि तिथे कलकला थांबल्यावरच होतो. ही चूक म्हणता येणार नाही, पण नवशिक्याची फसगत होते. रंग सरकलाय का तेही पाहा: जेर-जबर आणि नुक्ते (अक्षरांचे ठिपके) अक्षरापासून सुटून शेजारच्या अक्षराला चिकटले असतील तर एका अक्षराचं दुसरंच अक्षर वाटू शकतं. रंगांचा अर्थ प्रत्येक छापखान्याचा वेगळा असतो, म्हणून मदरशात चालणाऱ्या प्रतीचाच संच बघा.

शेजारीच देवनागरी उच्चारांची प्रत मिळते. घाईत दुआ वाचायला ठीक, शिकायला नाही. नुक्ता नसेल तर ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा यांत फरकच उरत नाही. सीन, साद, से तिन्ही ‘स’ होऊन बसतात.

१५ ओळींच्या हाफिजी प्रतीत पान आयत संपूनच संपतं, म्हणून पाठ करताना कोणती आयत पानावर कुठे आहे ते डोळ्यांत बसतं. मध्येच १३ किंवा १६ ओळींची प्रत घेतली की ही आठवण विस्कटते. शिलाई तपासायला प्रत मधोमध, १५व्या पाऱ्याजवळ (कुरआनचे ३० पारे, म्हणजे भाग), पूर्ण उघडा. नुसती गोंदाची जिल्द तिथेच करकरते. घरी रिहलवर (कुरआन ठेवायच्या लाकडी ठेवणीवर) आणि मदरशात रोज ने-आण करायला अशा दोन लागणार असतील, तर एकाच छापखान्याच्या दोन्ही एकदमच घ्या.